पंधरापैकी सात

त्याला सगळे डिंक्या म्हणतात. चाळीस वर्षांचा माणूस, नऊ वर्षांच्या मुलीचा बाप, एकोणीस वर्षं पिंजऱ्यात उतरतोय, आणि नाव काय, तर डिंक्या. नाव मीच ठेवलं, तेव्हा दोषही माझाच. पहिल्या सामन्यात त्याला ना धड ठोसा मारता येत होता ना लाथ. समोरच्याला एकदा कवेत धरलं की सोडायचं नाही, एवढंच येत होतं. रेफरीने दोनदा ओढून बाजूला केला, तरी हा पुन्हा जाऊन चिकटला. तिन्ही राऊंड असा चिकटून काढले आणि गुणांवर जिंकला. लोकांनी शिट्ट्या मारल्या त्या कंटाळून.

मी पट्टीमामा. दिवसा एका दवाखान्यात ड्रेसिंग करतो. भाजलेलं, कापलेलं, पिकलेलं, जे येईल ते. सामना असला की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात उभा राहतो. आधी हातांना पट्ट्या बांधायच्या, मग दोन राऊंडमधल्या एका मिनिटात भुवईचं रक्त थांबवायचं, सुजलेल्या डोळ्यावर बर्फातला लोखंडी ठोकळा दाबायचा, व्हॅसलीन फासायचं आणि बाजूला व्हायचं. टीव्हीवर मी दिसतो तो पाठमोरा. माझ्या बायकोने माझं टक्कल टीव्हीवर पुष्कळदा पाहिलंय, तोंड एकदाही नाही.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं नातेवाइकांना समजावून थकलो. कुस्ती, बॉक्सिंग, लाथा, गळा आवळणं, हात पिरगाळणं, सगळं एकत्र. सहन होईना की हाताने दोनदा थोपटायचं, मग समोरच्याने सोडायचं. माझ्या सासूने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मारामारीच की." 

या धंद्यात पाच-सहा वर्षं टिकला तरी माणूस म्हातारा. डिंक्याबरोबर ज्यांनी सुरुवात केली त्यातला एक आता कुरिअर पोचवतो, एक पोहायला शिकवतो, एकाची मान वळत नाही. डिंक्या उरला. कसा उरला म्हणून लोक त्याला विचारतात, आणि तो काहीतरी पुटपुटतो, कारण त्याचं उत्तर कुणाला आवडण्यासारखं नाही. तो थोपटतो, आणि वेळेवर थोपटतो. सरावात तर विशीतल्या पोरांसमोरही थोपटतो. हात पिरगाळला गेला की बाकीचे दात-ओठ खात धरून ठेवतात आणि मग तीन महिने हात गळ्यात. हा म्हणतो, "लाज त्यांना, हात मला." तिशीनंतर सरावात डोक्यावर जोराचे ठोसे घ्यायचे नाहीत, हेही त्याने ठरवून टाकलं आणि पाळलं. झोप नऊला. सिगारेट नाही, दारू नाही, गप्पाही फारशा नाहीत. अशा माणसाबरोबर प्रवास करणं म्हणजे शिक्षा असते, मी केलाय म्हणून सांगतो.

तरी शरीराने हिशेब सोडला नाही. उजव्या गुडघ्याची शीर दोनदा शिवली. एकदा जबडा तारेने बांधलेला, सहा आठवडे नळीने सूप. डाव्या डोळ्याखालच्या हाडात पत्र्याचा तुकडा आहे, थंडीत तो दुखतो. दुखणं त्याच्या पाचवीलाच पुजलेलं. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणाले की पुरे झालं, आणि प्रत्येक वेळी आठ-नऊ महिन्यांनी हा टायरच्या दुकानावरच्या आमच्या हॉलमध्ये येऊन चटईच्या कडेला बसला आणि मला म्हणाला, "मामा, पट्ट्या बांधा." त्या हॉलमध्ये जंतुनाशकाचा आणि शिळ्या घामाचा असा वास असतो की नवा माणूस दारातूनच परत जातो. मला मात्र घरी गेल्यावर तो वास येत नाही, म्हणून चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

सकाळी तो घराचा जिना उलटा उतरतो. गुडघे गरम होईपर्यंत सरळ उतरता येत नाही, म्हणून कठडा धरून, वरच्या पायरीकडे तोंड करून, एकेक. त्याच्या मुलीला बरीच वर्षं वाटायचं की सगळ्यांचे बाबा असेच उतरतात. एका मैत्रिणीच्या घरी तिचा बाप धाडधाड सरळ उतरताना पाहून ती घाबरली होती, हा पडतोय की काय म्हणून. डिंक्या ही गोष्ट हसत हसत सांगतो. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही.

गेल्या वर्षी सामन्याच्या आदल्या दिवशी, गटात बसण्यासाठी वजन उतरवताना तो मला पहिल्यांदा दमलेला दिसला. म्हणजे दमलेला मी त्याला शंभरदा पाहिलाय, पण ते दमणं झोपेने जायचं. हॉटेलच्या बाथरूममध्ये, गळ्यापर्यंत कढत पाण्यात, डोक्यावर टॉवेल. अजून सव्वा किलो बाकी होतं. मी कमोडच्या झाकणावर घड्याळ घेऊन बसलो होतो.

"मामा," तो म्हणाला, "मला हरण्याचा कंटाळा येत नाही. जिंकण्याचाही येत नाही. ह्या पाण्याचा येतो."

"मग सोड की."

"आणि काय करू?"

 चार मिनिटं झाली होती, त्याला बाहेर काढायची वेळ झाली होती. काखेत हात घालून उठवला. तो सामना तो हरला, गुणांवरच, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा सरावाला आला.

या वर्षी त्याने चाळिशी ओलांडली. आमच्या संघटनेचा नियम असा की चाळिशीनंतर लायसन्स नव्याने काढायचं, आणि त्यासाठी डोक्याची तपासणी करायची. सहा आठवड्यांवर सामना ठरलेला होता. त्याच सुमारास मला वाचायचा चष्मा लागला, आणि डिंक्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, म्हणून मी तिच्याकडे गेलो. ती काचा घासते, फ्रेम बसवते, कान-नाक मापते. तिच्या हाताला घाई नसते.

"मामा, हलू नका," ती माझ्या कानामागची काडी वाकवत म्हणाली. मग त्याच आवाजात म्हणाली, "त्याने मला काल एकच गोष्ट दोनदा सांगितली."

"नवरे सांगतातच. माझी बायको माझ्या गोष्टींना नंबर देते. मी तोंड उघडलं की म्हणते, चौदा नंबर, झाली ऐकून."

ती हसली नाही. "त्याच शब्दांत. हसायच्या जागाही त्याच. मधे फक्त जेवण झालं होतं." तिने चष्मा काढला, पुन्हा वाकवला, पुन्हा घातला. "आणि परवा पोरीला आणायला गेला तो जुन्या शाळेच्या दारात उभा राहिला. शाळा बदलून दोन वर्षं झाली, मामा. पोर नव्या शाळेत पाऊण तास बसून राहिली."

"थकला असेल."

"मी त्याला सोड म्हणत नाही. म्हणून सोडणारा तो नाही, आणि मी सोडवला तर जन्मभर माझ्याकडे बघेल कसा?" ती म्हणाली. "ती तपासणी आहे ना, जुन्या निकालाशी ताडून बघतात ती? तुम्ही सोबत जा. कागदावर जे येईल ते मी मान्य करीन. बरा असेल तर पुन्हा एक शब्द काढणार नाही. तसं मी त्यालाही सांगितलंय."

इथेच मी तोंड उघडायला हवं होतं. ज्या कागदावर ती सगळं सोपवत होती, तो कागद कसा तयार झाला हे मला माहीत होतं.

ही तपासणी तेरा वर्षांपूर्वी सुरू झाली. प्रत्येक लढणाऱ्याची एकदा, धडधाकट असताना, परीक्षा घ्यायची. पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि वीस मिनिटांनी विचारायचे. आकडे उलटे म्हणून घ्यायचे. दिवा लागला की बटण दाबायला लावायचं. पुढे कधी डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा, आणि गुण घसरले असतील तर लायसन्स रोखायचं. आमच्या हॉलमध्ये घबराट उडाली. हॉलच्या वस्तादांनी मला विचारलं, कारण मी दवाखान्यातला, म्हणजे त्यांच्या लेखी अर्धा डॉक्टर. आणि मी अर्ध्या डॉक्टरसारखंच डोकं चालवलं. म्हटलं, पहिल्याच वेळी कमी गुण घ्या. वेड पांघरून पेडगावला जायचं. पंधरा आठवत असतील तर सात सांगा. मग उद्या खरोखरच सातावर आलात तरी कागद म्हणेल, काही बिघडलेलं नाही.

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मला खरंच वाटलं होतं की मी पोरांचं भलं करतोय. दोन दिवसांच्या डोकेदुखीपायी सहा महिने घरी बसवतील, अशी सगळ्यांना धास्ती होती. डिंक्या तेव्हा सत्तावीस वर्षांचा. परीक्षेत सात शब्द सांगून बाहेर आला आणि पायऱ्यांवर बसून त्याने मला पंधराच्या पंधरा म्हणून दाखवले. मग उलटे म्हणून दाखवले. साबण, खिडकी, घोडा, एवढे तीन मलाही अजून आठवतात. आम्ही पोट धरून हसलो होतो.

तिला यातलं काही सांगितलं नाही. ताकास तूर लागू दिली नाही. आरशात बघितलं, चष्मा बरा बसला होता. "जातो सोबत," म्हणालो.

तपासणीला आम्हाला त्याच्या मेहुण्याने गाडीतून नेलं. मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. तोही लढतो, सहा वर्षं रोज डिंक्यासमोर चटईवर असतो. डावखुरा, अठ्ठावीसचा, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. फाटकाशी उतरवताना म्हणाला, "भाऊजी, लायसन्स घेऊनच खाली या, नाहीतर चालत घरी जा." गाडी खालीच लावून वाट बघत बसला.

डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. मला म्हणाल्या, "मागे बसा. ओठ हलवायचे नाहीत." मी भिंतीजवळच्या स्टुलावर बसलो. खोलीत एक टेबल, एक यंत्र, खिडकीत एक वाळलेलं रोप. डिंक्या परीक्षेला बसलेल्या शाळकरी मुलासारखा ताठ. त्यांनी पंधरा शब्द सावकाश वाचले. मग आकडे झाले, दिव्याचं बटण झालं, एका पायावर उभं राहणं झालं. गुडघा कुरकुरला तो मला स्टुलावर ऐकू आला.

वीस मिनिटांनी बाई म्हणाल्या, "आता मघाचे शब्द सांगा."

चार पटापट आले. पाचवा थोड्या वेळाने. मग तो थांबला. डोळे मिटले, अंगठ्याने टेबलाची कड चोळू लागला. सहावा आला. कपाळावर घाम जमा झाला. मी मागे बसून त्याचं कौतुक करत होतो, खोटं कशाला बोलू? जास्त सांगितले तर जुनं खोटं उघडं पडेल, म्हणून हा पुन्हा सातावरच थांबणार, हे मी धरूनच चाललो होतो; म्हटलं, तेरा वर्षांत गड्याचा अभिनय सुधारला. एवढंही करायची गरज नव्हती. सातवा शब्द त्याने प्रश्न विचारल्यासारखा उच्चारला आणि मान हलवली.

बाईंनी जुनी फाइल उघडली. एक बोट जुन्या कागदावर, एक नव्यावर. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

"सात. तेव्हाही सात. आकड्यांचंही जवळपास तेच. तेरा वर्षांत तसूभरही फरक नाही." त्यांनी डिंक्याकडे नीट पाहिलं. "या वयात, या धंद्यात, मी असं पाहिलेलं नाही. काय करता तुम्ही? तरुण मुलांना तुमचा अहवाल दाखवायला हवा." आणि शिक्का मारायला त्या पलीकडच्या खोलीत गेल्या.

दार लागताच मी पुढे झालो. "लेका, घाम कसा काढलास रे? एवढं कशाला करायचं?"

तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"मामा, मी आज खरं सांगत होतो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. 

"तिने कागद मानायचं कबूल केलंय," तो म्हणाला. "म्हटलं, मग आपणही एकदा खरं लिहून बघू. निदान आपल्याला तरी कळेल. मला वाटलं होतं, दहा येतील. अकरा येतील." त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "जोर लावला मी, मामा. होता तेवढा सगळा लावला."

एवढ्या वर्षांत मी या माणसाच्या चेहऱ्याला किती वेळा हात लावला असेल. कुठे शिवण आहे, कुठे कातडी पातळ झालीय, कुठे दाबलं की रक्त थांबतं, मला डोळे मिटून सांगता येतं. आणि आत काय चाललंय ते मला दिसू नये, याची तजवीज मीच करून ठेवली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला असता तर मी हसलो असतो. इथे माझं शहाणपण दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं होतं. मला त्याची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली.

"आता काय करायचं ते तुम्ही सांगा," तो म्हणाला. "आजवर तुमचंच ऐकत आलोय."

हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर बरं झालं असतं. तो सरळच विचारत होता. आणि मी, एवढं झाल्यावरही, एक क्षण हिशेब मांडला. शिक्का बसतोय. आजचे सात खरे आहेत, हे जगात दोघांनाच माहीत आहे. बोललो तर याचं लायसन्स गेलं, माझा कोपरा गेला, आमच्या हॉलमधल्या प्रत्येकाची फाइल उघडली गेली. आपण होऊन सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तेवढ्यात बाई आल्या. शिक्क्याची शाई सुकावी म्हणून कागद हलवत होत्या. त्यांनी तो डिंक्यापुढे धरला. त्याने घेतला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"बाई," मी म्हणालो, "तो जुना सात खोटा आहे."

"म्हणजे?"

"तेव्हा ह्याला पंधरा आठवत होते. मुद्दाम सात सांगितले. आजचे सात खरे आहेत."

त्या खुर्चीत बसल्या. कागद टेबलावर पालथा ठेवला. डिंक्याला विचारलं, "खरं?" त्याने मान डोलावली.

"कुणी शिकवलं?"

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही दवाखान्यात काम करता ना?"

"हो."

त्यांनी मला आणखी काही बोलावं, शिव्या द्याव्यात, असं मला फार वाटलं. त्या डिंक्याकडे वळून, मघापेक्षा हळू आवाजात, सांगू लागल्या. मेंदूचा फोटो काढावा लागेल. मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागेल. तोपर्यंत सामना नाही, सरावात डोक्याला धक्का नाही, आणि बहुतेक पुढेही नाही. तो प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता. शेवटी म्हणाला, "हे सगळं जरा कागदावर लिहून द्याल? घरी सांगताना माझ्याकडून राहून जाईल."

त्यांनी लिहून दिलं. मग पेन खाली न ठेवता त्यांनी मला विचारलं, "ह्यांच्याशिवाय आणखी किती जणांना शिकवलंत?"

मी मनात मोजलं. "अकरा."

"सतरा," डिंक्या म्हणाला. "अकरा मामांनी. त्यानंतरचे सहा मी."

हे मला माहीत नव्हतं. 

"नावं सांगा," बाई म्हणाल्या.

मी माझी अकरा सांगितली. त्यातल्या दोघांची अगदी शेवटी सांगितली, ते का ते इथे सांगत नाही. मग डिंक्या सांगू लागला, एकेक बोट मिटत. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. चौथ्याचं वजनही सांगितलं. पाचवा सरावाला कधी येतो तेही सांगितलं. सहावं बोट त्याने उघडंच ठेवलं.

"सहावा," तो म्हणाला. "सहा आहेत, हे नक्की. डावखुरा आहे. चांगला आहे पोरगा, फार बोलतो." अंगठा पुन्हा टेबलाच्या कडेवर फिरू लागला. "मीच शिकवलं त्याला. माझ्याच घरी, जेवताना." त्याने माझ्याकडे पाहिलं. "कोण हो तो, मामा?"

बाईंचं पेन थांबलं होतं.

"तुझा मेहुणा," मी म्हणालो. "खाली गाडीत बसलाय."

 मग त्याने बोट मिटलं.

"त्याला वर बोलवा," तो म्हणाला. "त्याचीही परीक्षा आजच घ्या. खरी."